परसातले रंग : कच्चे आणि पक्के

जेवताना हात हलतो आणि शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडतो. आई त्या डागावर साबण चोळते, तर काय आश्चर्य! पिवळा डाग एकदम लाल होतो. खळबळून धुतला की तो पुन्हा पिवळसर दिसू लागतो. पण सदरा दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला, की डाग फिका होत होत नाहीसा होतो.

आता दुसरा डाग आठवा. केळीचा घड उतरवताना किंवा केळफूल सोलताना कपड्यावर चीक उडतो. तो पाण्यासारखा असतो, म्हणून त्या वेळी आपले लक्षही जात नाही. थोड्या वेळाने मात्र तिथे तपकिरी ठिपका उमटतो. साबण लावा, सोडा लावा, उन्हात टाका. कपडा फाटेपर्यंत तो ठिपका जात नाही.

हळदीचा डाग भडक होता, तरी गेला. चिकाला तर रंगच नव्हता, पण त्याचा डाग कायमचा राहिला. असे का व्हावे? हा प्रश्न नीट समजला, तर कापड रंगवण्याची सगळी विद्या समजली म्हणून समजा. कारण कापड रंगवणे म्हणजे दुसरे काय? मुद्दाम पाडलेला, सगळीकडे सारखा पसरलेला आणि न जाणारा डाग! महाराष्ट्रातल्या काही जुन्या शहरांत ‘रंगार गल्ली’ हे नाव आजही ऐकू येते. नुसत्या निळीने रंगवण्याचे काम करणाऱ्यांना तर ‘निराळी’ असे वेगळे नाव होते. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जे करत आली, ते तुम्हाला घराच्या परसात, चार-सहा कुंड्यांच्या आणि दोन पातेल्यांच्या मदतीने करून पाहता येईल. मात्र एक अट आहे. प्रत्येक रंगाला ‘तू कच्चा की पक्का?’ असे विचारायचे आणि त्याचे उत्तर वहीत लिहून ठेवायचे.

रंग दिसणे वेगळे, रंग बसणे वेगळे

जास्वंद लाल आहे, गोकर्ण निळा आहे, बीट जांभळे आहे. मग यांच्या रसात रुमाल बुडवला की झाले, असे आपल्याला वाटते. बुडवून पाहा. रुमाल सुंदर दिसेल. पण एका धुण्यात रंग निम्मा होईल आणि आठवडाभराच्या उन्हात उरलेलाही उडेल.

वनस्पतीत रंगद्रव्य असणे ही एक गोष्ट झाली. ते कापडाच्या तंतूला धरून राहणे ही दुसरी. धरून राहिलेल्या रंगद्रव्याचा रेणू प्रकाशाने मोडून न पडणे ही तिसरी. या तिन्ही कसोट्यांना उतरलेल्या रंगाला आपण पक्का रंग म्हणतो. एखादे झाड रंगीत फुले देते, एवढ्यावरून ते रंगाऱ्याच्या उपयोगाचे ठरत नाही. उलट मंजिष्ठेची वेल पाहा. तिची फुले इतकी बारीक की नजरेतही भरत नाहीत. लाल रंग लपलेला असतो तो मुळांत. निळीच्या झाडाची पाने तर इतर पानांसारखी हिरवीगार असतात. त्यांत निळा रंग आहे, हे पाहून कोणी सांगू शकणार नाही.

हळदीतील रंगद्रव्याचे नाव कर्क्युमिन. ते सुती कापडाला कोणाच्या मदतीशिवाय चिकटते, म्हणून डाग चटकन पडतो. पण प्रकाशाने त्याचा रेणू तुटतो, म्हणून उन्हात डाग जातो. साबणातील अल्कामुळे ते लाल होते. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावतात, तो लाल का दिसतो ते आता ध्यानात आले ना? प्रयोगशाळेतल्या लिटमसप्रमाणे हळद हाही एक दर्शक आहे. ज्याचा रंग दर धुण्याला बदलतो आणि दर उन्हाला फिका होतो, तो रंग कच्चाच म्हणायचा.

मध्यस्थाची गरज

लोकर आणि रेशीम हे तंतू प्राण्यांपासून मिळतात. ते प्रथिनांचे बनलेले असतात आणि त्यांच्या रेणूंवर रंगाला धरण्याजोग्या बऱ्याच जागा असतात. कापूस मात्र सेल्युलोजचा बनलेला असतो. बहुतेक वनस्पतिज रंगांना त्यावर पाय रोवायला जागा सापडत नाही. म्हणूनच सुती कापड रंगवणे हे कसबाचे काम समजले जाते, आणि या कसबात भारतीय कारागीर फार पूर्वीपासून निष्णात आहेत. मोहेंजोदडो येथील उत्खननात मंजिष्ठवर्गातील रंगाने रंगवलेला सुती कापडाचा अवशेष सापडला आहे. म्हणजे ही विद्या चार हजार वर्षांहून जुनी आहे.

कारागिरांनी शोधलेली युक्ती अशी. रंग आणि तंतू यांचे जमत नसेल, तर मध्ये दोघांशीही जमणारा मध्यस्थ घालायचा. असा मध्यस्थ म्हणजे तुरटी. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने रंगाच्या रेणूला आणि दुसऱ्या बाजूने तंतूला धरून ठेवते. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. पण कापसावर तुरटीही नीट ठरत नाही. म्हणून तिच्याआधी कापडाला हिरड्याचे पाणी देतात. हिरड्यात भरपूर टॅनिन असते. टॅनिन कापसाला चिकटते, ॲल्युमिनियम टॅनिनला धरते आणि रंग ॲल्युमिनियमला धरतो. अशी ही साखळी तयार होते.

केळीच्या चिकाचे कोडेही आता उलगडते. त्या चिकात टॅनिनसारखे पदार्थ असतात. ते तंतूत शिरतात, हवेतील ऑक्सिजनमुळे तपकिरी होतात आणि तिथेच घट्ट बसतात. काजूच्या बोंडाच्या रसाचा डागही याच जातीचा.

परसात काय लावावे?

*झेंडू.* सुरुवात करायला याच्यासारखे सोपे झाड नाही. जूनच्या अखेरीस बी पेरा. तीन-चार आठवड्यांची रोपे ऊन मिळेल अशा जागी एक-एक फूट अंतरावर लावा. दसऱ्याच्या सुमारास फुले येतात. फुलांत ल्युटीन आणि फ्लॅव्होनॉल जातीची पिवळी रंगद्रव्ये असतात. तुरटीशी जोडी जमते ती या दुसऱ्या जातीची.

*हळद.* मे-जूनमध्ये गड्डे लावले की आठ-नऊ महिन्यांनी, पाने वाळल्यावर पीक काढता येते. हळदीचा रंग कच्चा असतो हे आपण पाहिले. तरीही ती लावा. पक्क्या रंगाची परीक्षा घ्यायला शेजारी एक कच्चा रंग हवाच.

*प्राजक्त.* पहाटे अंगणात सडा पडतो, त्यातील फुलांचे केशरी देठ खुडून सावलीत वाळवा. त्यांतील रंगद्रव्य केशरातील रंगद्रव्याचे सख्खे भावंड आहे. रेशमावर त्याचा सोनेरी पिवळा रंग फार खुलतो, पण उन्हात तोही फिका होतो.

*शेंदरी.* हे मूळचे अमेरिका खंडातील झुडूप आता आपल्याकडे चांगले रुळले आहे. काटेरी दिसणाऱ्या बोंडांतील बियांवर शेंदरी रंगाचा लेप असतो. त्यातील बिक्सिन हे रंगद्रव्य लोण्याला आणि चीजला रंग देण्यासाठी वापरतात. ते साध्या पाण्यात फारसे विरघळत नाही. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की उतरते. झाडाला बोंडे यायला दोन-तीन वर्षे लागतात.

*मंजिष्ठा.* सह्याद्रीच्या रानात वाढणारी ही वेल. खोड खरखरीत, चौकोनी. पाने हृदयाच्या आकाराची आणि एकेका पेऱ्यावर चार-चार. मुळांत पुरेसा रंग भरायला सुमारे तीन वर्षे लागतात, म्हणून खोल कुंडी किंवा जुना पिंप घ्या. रानातली वेल मात्र मुळासकट उपटून आणू नका. मुळे काढली की वेल संपली. तोवर काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली मुळे मिळतात, त्यांवर प्रयोग करता येईल.

*नीळ.* हे कडधान्यांच्या कुळातील झुडूप. त्याचे बी टणक असते. ते वाळूत चोळून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरा. तीन-चार महिन्यांत, फुले येण्याच्या सुमारास पाला कापता येतो. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत साठवतात, त्यामुळे शेजारच्या भाजीलाही फायदा होतो.

जागा अगदीच नसेल तर? स्वयंपाकघराकडे वळा. डाळिंबाची साल आणि कांद्याची टरफले ही दोन्ही रंगाऱ्याची जुनी सामग्री आहे. ती आपण रोज कचऱ्यात टाकतो.

दसऱ्यानंतरचा प्रयोग

दसऱ्याला आणि दिवाळीला दारावर झेंडूचे तोरण लागते. दुसऱ्या दिवशी सुकलेली तोरणे रस्त्याच्या कडेला पडतात. ती गोळा करा, किंवा परसातली फुले तोडा. कापड म्हणून कोरे मांजरपाट घ्या. खालील प्रमाण १०० ग्रॅम कोरड्या कापडासाठी आहे. तुमचे कापड ५० ग्रॅम भरले, तर सगळे निम्मे घ्यायचे.

१) कोऱ्या कापडाला खळ आणि तेलकटपणा असतो. पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून कापड अर्धा तास उकळा आणि भरपूर पाण्याने धुवा. पाणी किती पिवळे होते ते पाहा. ही पायरी टाळली, तर पुढचे सगळे श्रम डागाळलेल्या कापडात वाया जातात.

२) कापडाचे हातभर नव्हे, वीतभर चौकोनी चार तुकडे करा. पेनाने खूण केली तर ती धुऊन जाईल. म्हणून सुईदोऱ्याने पहिल्या तुकड्याच्या कोपऱ्यात एक टाका, दुसऱ्याच्या दोन, असे टाके घाला.

३) २० ग्रॅम हिरड्याची पूड दोन लिटर गरम पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. दोन, तीन आणि चार टाक्यांचे तुकडे त्यात तासभर बुडवा, पिळा आणि न धुता वाळवा. ते फिकट पिवळसर होतील.

४) २० ग्रॅम तुरटी दोन लिटर गरम पाण्यात विरघळवा. तीन आणि चार टाक्यांचे तुकडे त्यात रात्रभर ठेवा. पिळून वाळवा आणि मग एकदाच पाण्यातून काढा.

५) २०० ग्रॅम ताज्या फुलांच्या पाकळ्या तीन लिटर पाण्यात पाऊण तास मंद आचेवर उकळा आणि गाळा. तोरणाची सुकलेली फुले असतील तर याच्या निम्म्याने पुरतील.

६) हे पाणी चार भांड्यांत सारखे वाटून घ्या आणि एकेका भांड्यात एकेक तुकडा टाका. सगळे तुकडे एकाच पातेल्यात टाकण्याचा मोह होईल, पण तसे करू नका. तुरटी एका तुकड्यातून सुटून दुसऱ्यावर गेली, तर कोणत्या पायरीने काय घडले ते कळणार नाही. पाऊण तास मंद आच द्या, मधूनमधून हलवा आणि पाणी निवेपर्यंत तुकडे तसेच राहू द्या.

७) चौथा तुकडा शेवटी खिळ्यांच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवा. हे पाणी आधी करून ठेवावे लागते. मूठभर गंजके खिळे गुळाच्या पाण्यात टाका. भांड्याचे तोंड फडक्याने बांधून दोन आठवडे ठेवा आणि मग गाळून घ्या.

चारही तुकडे स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि शेजारी शेजारी मांडा. पहिला फिकट असेल. साबणाने धुतला की आणखी फिका होईल. दुसरा मळकट पिवळा. तिसरा स्वच्छ, तेजस्वी पिवळा. आणि चौथा? तो पिवळा नसून गर्द मेंदीच्या रंगाचा झालेला दिसेल!

फूल एकच, पाणी एकच, आच एकच. तरी चार रंग आले. कारण रंग ठरवण्यात जितका वाटा फुलाचा, तितकाच मध्यस्थाचाही असतो. ॲल्युमिनियमऐवजी लोह आले की रंग गडद होतो. झेंडू वगळून नुसता हिरड्याचा तुकडा खिळ्यांच्या पाण्यात बुडवला, तर तो राखाडी-काळा होतो. टॅनिन आणि लोह यांच्या या संयोगानेच पूर्वी लिहिण्याची काळी शाई बनवत. आंध्र प्रदेशातील कलमकारीच्या काळ्या रेघाही गूळ आणि लोखंड यांच्या अशाच पाण्याने काढतात. मात्र दोन मिनिटांची दहा मिनिटे करू नका. लोहाचा अतिरेक झाला तर सुती धागा काळांतराने कुजल्यासारखा तुटतो.

झेंडूच्या जागी मंजिष्ठेच्या मुळांची पूड घेतलीत, तर तिसऱ्या तुकड्यावर लाल रंग येईल. पाणी मात्र खळखळ उकळू देऊ नका. हात न लावता येण्याइतके गरम पुरे. लाल रंग नीट उतरला नाही, तर चिमूटभर खडूची पूड टाकून पाहा. पाण्यातील कॅल्शियममुळे हा लाल रंग खुलतो.

नीळ : सगळ्यांहून वेगळी

निळीला मध्यस्थ लागत नाही. तिची रीतच निराळी आहे. हिरव्या पानात इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. कापलेला पाला बादलीत दाबून भरा, वर दगड ठेवा आणि तो बुडेल इतके पाणी घाला. एका दिवसात पाणी पिवळट हिरवे होते आणि पृष्ठभागावर तांबूस-निळी साय दिसते. इंडिकनचे विघटन होऊन इंडॉक्सिल हे द्रव्य पाण्यात उतरल्याची ही खूण. आता पाला काढून टाका, थोडी चुन्याची निवळी घाला आणि ताक घुसळतात तसे रवीने घुसळा. घुसळताना हवा मिसळते. हवेतील ऑक्सिजनमुळे इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जोडले जातात आणि नीळ तयार होते. फेस आधी हिरवा, मग निळा होतो. रात्रभर स्थिर ठेवले की तळाशी निळा गाळ बसतो. पूर्वीच्या निळीच्या कारखान्यांत मजूर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून लाकडी वल्ह्यांनी हेच घुसळण्याचे काम करत.

पण आता नवी अडचण उभी राहते. ही नीळ पाण्यात विरघळतच नाही. मग ती धाग्यात शिरणार कशी? यासाठी तिचे क्षपण करावे लागते, म्हणजे जोडलेला ऑक्सिजनचा प्रभाव काढून घ्यावा लागतो. चुना आणि गूळ घातलेल्या कोमट पाण्यात नीळ एक-दोन दिवस झाकून ठेवली, की गुळातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे काम करतात. पांढऱ्या साखरेने ते होत नाही. दक्षिणेकडील रंगारी यासाठी टाकळ्याच्या बिया शिजवून घालत. क्षपण झालेली नीळ विद्राव्य आणि पिवळट हिरवी असते. त्या पाण्यात बुडवलेले कापड बाहेर काढले की ते हिरवट दिसते. पाहता पाहता हवा लागते आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते निळे होते! धाग्यात शिरलेली नीळ पुन्हा अविद्राव्य झाली आणि तिथेच अडकून पडली. म्हणूनच ती पाण्याने जात नाही. मात्र ती धाग्याच्या बाहेरच्या थरात असल्यामुळे घासल्याने झिजते. जीनची विजार गुडघ्यावर पांढरी पडते ती यामुळेच.

एक खुलासा करायला हवा. पांढऱ्या कपड्यांना द्यायला दुकानात जी ‘नीळ’ मिळते, ती ही नव्हे. ती कृत्रिम द्रव्यांची असते आणि या प्रयोगाला उपयोगी पडत नाही.

एका पिकाची किंमत

तुमच्या बादलीतील गाळ वाळवून तोला. किलोभर पाल्यामागे जेमतेम काही ग्रॅम नीळ हाती येईल. हा आकडा वहीत लिहा आणि क्षणभर थांबा. युरोपातील कापडासाठी जहाजे भरभरून नीळ भारतातून जात होती. तेवढ्या निळीसाठी किती जमीन लागत असेल?

ती जमीन शेतकऱ्यांनी राजीखुशीने दिली नव्हती. बंगालमध्ये मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध १८५९-६० मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला. १८६० साली दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ या नाटकाने ही दुःखे जगापुढे मांडली. बिहारमधील चंपारणात तर बिघ्याच्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठे जमिनीत नीळ लावलीच पाहिजे, अशी सक्ती होती. तिला ‘तीनकठिया’ म्हणत.

इकडे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी १८८३ साली निळीच्या रेणूची रचना निश्चित केली. १८९७ मध्ये बी.ए.एस.एफ. या कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. ती स्वस्त होती आणि प्रत्येक डब्यात एकसारखी होती. शेतातल्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी मग काय केले? नीळ लावण्याच्या सक्तीतून सुटका देण्याच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून वाढीव खंड आणि रोख रकमा वसूल केल्या. १९१७ साली गांधीजी चंपारणात गेले, त्यांनी हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या नोंदवून घेतल्या आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली.

ही हकिगत सांगण्याचे कारण एवढेच, की ‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकला की सारे काही चांगलेच असणार, असे आपल्याला वाटू लागते. झाडाने रंग दिला, पण माणसाने त्यासाठी माणसाला पिळले. उलट कारखान्यातील रंगांनीही नद्या नासवल्या आहेत. दोष किंवा गुण झाडाचा किंवा कारखान्याचा नसतो. आपण काम कसे करतो याचा असतो. कृत्रिम आणि झाडाची नीळ यांचा मुख्य रेणू तर एकच आहे.

आता परीक्षा

बाजारात ‘नैसर्गिक रंगाचे कापड’ म्हणून चढ्या किमतीचे कपडे दिसतात. ते पक्के आहेत की नाहीत, हे दुकानदाराला विचारून कळणार नाही. पण तपासण्याची रीत तुमच्या हातात आहे.

*प्रकाशाची परीक्षा.* प्रत्येक रंगाची बोटभर रुंद पट्टी कापा. सगळ्या पट्ट्या एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवा. त्यांचा अर्धा भाग दुसऱ्या जाड पुठ्ठ्याने घट्ट झाका. हा पुठ्ठा ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा आणि १४ दिवसांनी उघडा. झाकलेल्या आणि उघड्या भागांतील फरक पाहून ० ते ५ गुण द्या. अजिबात फरक नसेल तर ५, रंग पार उडाला असेल तर ०.

*धुण्याची परीक्षा.* रंगीत तुकड्याला तेवढाच पांढरा तुकडा शिवा. कोमट पाण्यात साबणाने दहा मिनिटे धुवा. रंगीत तुकडा किती फिका झाला आणि पांढऱ्याला किती रंग लागला, दोन्ही नोंदवा.

हळद, बीट, गोकर्ण, झेंडू, शेंदरी, मंजिष्ठा आणि नीळ, सगळ्यांना एकाच पुठ्ठ्यावर बसवा. बहुधा हळद, बीट आणि गोकर्ण लवकर हार मानतील. तुरटीवरचा झेंडू मध्यम ठरेल. मंजिष्ठा आणि नीळ पुढे राहतील. पण माझ्या सांगण्यावर गुण देऊ नका. तुमचे पाणी वेगळे, ऊन वेगळे, कापड वेगळे. तुमच्या पुठ्ठ्यावर जे दिसेल तेच लिहा. वेगळे काही दिसले, तर प्रयोग चुकला असे समजून खोडू नका. पुन्हा करून पाहा.

सावध राहा

चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. निळीचा प्रयोग शिक्षकांच्या किंवा घरच्या मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. रंगकामाची भांडी, चमचे आणि गाळणी वेगळी ठेवा. त्यांत पुन्हा स्वयंपाक करू नका. जुन्या पुस्तकांत रंगबंधक म्हणून मोरचूद आणि पोटॅशियम डायक्रोमेट सुचवलेले आढळते. ती दोन्ही विषारी आहेत आणि डायक्रोमेटमुळे कर्करोगाचाही धोका असतो. त्यांना हात लावू नका. तुरटी आणि थोडे लोह एवढ्यावर आपले सारे काम भागते.

शिक्षकांसाठी

या एका विषयात आम्ल-अल्क, क्षपण आणि ऑक्सिडीकरण, तंतूंचे प्रकार, नायट्रोजनचे स्थिरीकरण आणि इतिहासातील चंपारण असे बरेच धडे एकत्र येतात. जूनमध्ये शाळेच्या आवारात झेंडूचा आणि निळीचा एकेक वाफा घातला, तर पहिल्या सत्राच्या अखेरीस प्रयोगाची सामग्री तयार असेल. वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एक वनस्पती द्यावी आणि गुण मात्र दुसऱ्या गटाकडून द्यावेत. आपल्या रंगाला आपणच गुण दिले, की नजर नकळत उदार होते!

पुढच्या वेळी सदऱ्यावर डाग पडेल तेव्हा त्याच्याकडे जरा थांबून पाहा. साबणाने त्याचा रंग बदलला का? उन्हाने तो गेला का? की हवा लागून अधिकच गडद झाला? तो डाग तुम्हाला आपले रसायनशास्त्र आपणहून सांगत असतो. फक्त सदरा धुवायला टाकण्याआधी ते वहीत लिहून ठेवायला विसरू नका.